अकराव्या वर्षी केलेली भेट: एक अनुवादप्रत हाताने करून पाहताना

ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातली ही छोटी वही पाहणाऱ्याचे लक्ष आधी वेष्टनावर जाते, आणि बहुतेकांचे तिथेच संपते. फिक्या निळ्या रेशमाने गच्च भरलेली जमीन, तिच्यावर सोन्या-चांदीच्या गोफाची एकमेकांत गुंतलेली वेलबुट्टी, मधोमध के आणि पी ही आद्याक्षरे, चारही कोपऱ्यांत जांभळ्या-पिवळ्या पॅन्झीची फुले. आत फ्रेंच काव्याचा इंग्रजी गद्यात केलेला अनुवाद. अनुवाद करणारी एलिझाबेथ ट्यूडर, पुढे इंग्लंडची राणी, तेव्हा वय अकरा. भेट सावत्र आईला, राणी कॅथरीन पारला. निमित्त १५४५ च्या नववर्षदिनाचे. मूळ काव्य ‘पापी आत्म्याचा आरसा’, नाव्हारची राणी मार्गरीत हिचे, १५३१ साली छापलेले. त्याच्या १५३३ च्या आवृत्तीवर पॅरिसच्या सॉर्बोनमधल्या धर्मशास्त्र्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा मार्गरीतचा भाऊ, राजा पहिला फ्रान्सिस, मध्ये पडला होता.

या वहीची नमुना प्रत करायची असे ठरवले ते हौसेखातर नव्हे. त्या काळातल्या अनुवादिकांबद्दल वाचताना ‘सुईने आणि लेखणीने केलेली भेट’ असे वाक्य वारंवार भेटते. त्यात नेमके किती काम असते, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, आणि चूक झाली तर ती कुठे लपते, हे वाचून कळत नाही. म्हणून अर्पणपत्र आणि काव्याचा सुरुवातीचा भाग मराठीत आणायचा, तो बोरू-पिसाने लिहायचा, शिवायचा आणि वर भरतकामाचे वेष्टन चढवायचे, एवढा आवाका ठेवला. मूळ वही साधारण सात इंच बाय पाच इंच. नमुन्याचे पान १८ बाय १३ सेंटीमीटर घेतले.

सुरुवात अनुवादापासून. काव्य दहा-दहा अक्षरगणांच्या यमकबद्ध द्विपदींत आहे. एलिझाबेथने त्याचे गद्य केले, आणि हा निर्णय वाटतो त्यापेक्षा शहाणपणाचा आहे. पहिल्याच ओळी पाहा. फ्रेंचमध्ये प्रश्न असा: सर्व दुर्दैव, कष्ट, वेदना आणि यातना यांनी पूर्णपणे भरलेला असा नरक कुठे आहे? ‘पूर्णपणे’ हा शब्द तिथे मुख्यतः पुढच्या ओळीतल्या ‘यातना’शी यमक जुळावे म्हणून उभा आहे. एलिझाबेथ तो सरळ गाळते. यमक गेले, त्याचा टेकूही गेला. यादीचा क्रमही ती बदलते: कष्ट, वेदना, अनिष्ट, यातना. पुढच्या दोन ओळींत शापाची विहीर येते, जिच्यातून ‘अखंड’ निराशा वर येत राहते. तिथे इंग्रजीत ‘अखंड’ नाही, ‘सगळी’ निराशा आहे. हा मात्र टेकू नव्हता, अर्थच होता. चार ओळींत एक गाळणी योग्य आणि एक निसटलेली. पुढची पानेही साधारण याच प्रमाणात चालतात, असे आमचे मत झाले.

मराठी करताना अडखळलो ते इंग्रजी यादीतल्या पहिल्या शब्दावरच. फ्रेंचमधला ‘त्राव्हाय’ म्हणजे आज काम, पण सोळाव्या शतकात त्यात मेहनत आणि छळ दोन्ही होते. इंग्रजीने तोच शब्द उचलला, त्यामुळे एलिझाबेथला शोधाशोध करावी लागली नाही. मराठीत ‘कष्ट’ हा एकच शब्द असा आहे की ज्यात राबणेही आहे आणि सोसणेही. ‘श्रम’ घेतला तर सोसणे जाते, ‘क्लेश’ घेतला तर राबणे जाते. ‘कष्ट’ ठेवला.

अर्पणपत्राला काव्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. कारण त्यात नाते आहे. मायना असा: आमच्या परमथोर आणि सद्गुणी राणी कॅथरीन यांना त्यांची विनम्र कन्या एलिझाबेथ चिरंतन सौख्य आणि अक्षय आनंद ‘इच्छिते’. मराठी पत्रव्यवहारात इच्छा आणि आशीर्वाद वरून खाली येतात, नमस्कार खालून वर जातो. लहानाने मोठ्याला ‘सौख्य लाभो’ लिहिले की ते आगाऊ वाटते. पहिला खर्डा ‘शिरसाष्टांग नमस्कार विज्ञापना ऐसी जे’ या वळणाचा केला, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा उभा राहिला. तो फाडला. शेवटी ‘सौख्य व आनंद चिंतिते’ हे रूप चालले, कारण चिंतणे लहानही करू शकते. संबोधन अर्थात ‘आपण’. ‘आई’ हा शब्द पत्रात घालायचा मोह आवरला. मूळ पत्र स्वतःला कन्या म्हणते, पण बोलते राणीशी.

त्या ‘कन्या’ शब्दाला संदर्भही आहे. अ‍ॅन बुलिनचा, म्हणजे तिच्या आईचा, १५३६ साली शिरच्छेद झाला आणि एलिझाबेथ अनौरस ठरली. कॅथरीनचे एलिझाबेथच्या वडिलांशी, राजा आठव्या हेन्रीशी, लग्न जुलै १५४३ मध्ये झाले. १५४४ च्या वारसा कायद्याने सावत्र बहीण मेरी आणि एलिझाबेथ यांना पुन्हा गादीच्या रांगेत जागा मिळाली, अनौरसपणाचा शिक्का मात्र तसाच राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ही वही तयार होते. अशा मुलीने ‘आपली कन्या’ असे लिहिणे ही नुसती रीत नव्हे.

पत्राच्या शेवटी जागा आणि तारीख आहे: अ‍ॅशरिज, इसवी सन १५४४ चा शेवटचा दिवस. इथे एक सापळा आहे. इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे, आणि नववर्षाच्या भेटी मात्र १ जानेवारीला दिल्या जात. जानेवारी ते मार्च या महिन्यांत लिहिलेल्या कागदावर त्यामुळे आदल्या सालाचा आकडा असू शकतो. एलिझाबेथ ३१ डिसेंबरला वर्षाचा शेवट मानते, म्हणून इथे घोळ होत नाही. पण दरबारच्या भेटींच्या याद्या वाचताना दोन आकडे तिरप्या रेघेने (१५४४/४५ असे) लिहिण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर एक वर्ष हमखास सरकते.

आता पत्राचा गाभा. ती लिहिते की लोखंडाचे हत्यार वापरात नसले तर गंजते, तशीच बुद्धीही. म्हणून तिने हे काम घेतले. मग म्हणते, माझ्या अल्प बुद्धीला आणि तोकड्या विद्येला जमले तसे मी वाक्याला वाक्य जोडले आहे. जागोजागी रचना ओबडधोबड आहे हे मला ठाऊक आहे, तर आपण ते पुसून, घासून, दुरुस्त करावे किंवा करवून घ्यावे. तोवर ही वही दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडू नये.

हा विनय बऱ्याच अभ्यासकांनी ठराविक म्हणून बाजूला ठेवला. तो ठराविक आहेच. पण प्रत करायला बसल्यावर त्याचे काम दिसते. घेणाऱ्याने वही कपाटात ठेवून दिली तर भेट तिथेच संपते. ‘दुरुस्त करा’ म्हटले की घेणाऱ्यावर काम येते, उत्तर येते, वही परत जाते, पुन्हा येते. अनुवादाची भेट सुरईपेक्षा किंवा बाह्यांच्या जोडीपेक्षा वेगळी ठरते ती इथे: तिच्यात चुका असू शकतात, आणि त्या चुकाच देणाऱ्या-घेणाऱ्यातला दुवा होतात.

‘पुसून’ हे त्यातले पहिले क्रियापद तेव्हा शब्दशः होते. चर्मपत्रावरची शाई चाकूने खरवडून काढत. आमच्याकडे चर्मपत्र नव्हते, हातकागद होता, आणि पहिली खाडाखोड केली तिथे कागदाचे तंतू उभे राहिले. त्यावर शाई पसरून कोळ्याचे जाळे झाले. उपाय आपल्याकडच्या जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांना माहीत होता: कागद घोटून घ्यायचा. गुळगुळीत अकीकाच्या घोट्याने दोन्ही बाजू लिहिण्याआधी घोटल्या, आणि खरवडलेली जागा पुन्हा घोटली. एका जागी दोनदा खरवडता येते, तिसऱ्यांदा भोक पडते.

शाई लोह आणि टॅनिनची. तिन्ही जिनसा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. मायफळ, जे घरोघरी बाळगुटीत उगाळतात तेच, ६० ग्रॅम भरडून अर्धा लिटर पाण्यात तीन दिवस भिजवले आणि गाळले. त्यात ४० ग्रॅम हिराकस आणि २० ग्रॅम बाभळीचा डिंक. डिंक आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून घ्यावा, थेट टाकला तर गुठळ्या राहतात. हिराकस हिरवट हवा. तांबूस-पिवळा झालेला असेल तर त्यातले लोह आधीच गंजलेले असते, आणि शाई सुरुवातीपासून गढूळ तपकिरी येते. चांगली शाई लिहिताना फिकट राखाडी दिसते आणि हवा लागली की काही तासांत काळी पडते. त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात आपोआप जड होतो, ओळ पुसट आहे असे वाटून तो दाबतो. दुसऱ्या दिवशी पाहावे तर पान काळेकुट्ट. दुसरी चूक म्हणजे शाई लवकर काळी व्हावी म्हणून हिराकस वाढवणे. जास्तीचे लोह कागद खाते. युरोपातल्या पुष्कळ हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी जाळी पडलेली दिसते, ती यानेच.

लेखणीसाठी आधी बोरू घेतला. मोडीला तो उत्तम, पण इतक्या लहान इटालिक, म्हणजे तिरप्या, वळणाला त्याचे टोक टिकत नाही. एक मिलिमीटरच्या खाली कापला की चार ओळींत चेपतो. मग हंसाचे पीस. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचे पीस बरे, त्याचा बाक बोटांपासून दूर जातो. रात्रभर पाण्यात भिजवून, मग तापलेल्या वाळूत नळी खोचून कडक करायची. वाळू जास्त तापली की नळी फुगून पांढरी होते, ती फेकून द्यावी लागते. दहातली तीन गेली. टोकाची रुंदी ०.७ मिलिमीटर, अक्षराची उंची त्याच्या पाचपट, म्हणजे साडेतीन मिलिमीटर, ओळींमधले अंतर सात. एका पानावर अठरा ओळी बसल्या. शिरोरेघ असलेल्या देवनागरीला इटालिकचा झोक देता येत नाही, दिला की रेघ जिन्यासारखी चढते. तो नाद सोडला आणि फक्त जाड-बारीक फटकारा ठेवला.

एका पानाला साधारण पन्नास मिनिटे. मूळ वहीत साठाहून अधिक पत्रे आहेत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नुसते स्वच्छ प्रत करण्याचे तास मोजले तरी शंभराच्या आसपास जातात, आणि त्याआधी कच्चा खर्डा असणारच. तिची सुबक इटालिक वळणाची अक्षरे पाहताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. इटालिक वळण तेव्हा इंग्लंडात नव्या विद्येची खूण होते, नेहमीचे कारकुनी वळण वेगळे. अक्षर हाही भेटीचाच भाग.

शिवण्यात फार सांगण्यासारखे नाही. चार-चार ताव दुमडून जुड्या केल्या, चार दोऱ्यांवर ताठ शिवल्या, पाठीवर चार उंचवटे आले. पुठ्ठ्याला चिकटवायला गव्हाच्या पिठाची घट्ट खळ. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची आपली पद्धत इथे टाळली. तांब्याचा क्षार चांदीच्या जरीजवळ नको.

वेष्टन मात्र वर्णन वाचून वाटले त्याच्या कितीतरी पट निघाले. जाड तागाचे कापड चौकटीत ताणले. दोन्ही बाजू, पाठ आणि दुमडायची कड धरून ३५ बाय २४ सेंटीमीटर. आधी जमीन भरायची. मूळ वहीतली जमीन जाड फिक्या निळ्या रेशमाने इतकी एकसारखी भरली आहे की एके काळी ते विणलेले कापडच समजले गेले. ती एकसारखी येण्यासाठी प्रत्येक टाक्याचा ताण तोच हवा. दोन दिवसांच्या कामात ताण बदलला तर पट्टा दिसतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. आमचा वेग तासाला पाच-सहा चौरस सेंटीमीटरच्या वर गेला नाही. म्हणजे एका बाजूच्या नुसत्या जमिनीला चाळीस-पंचेचाळीस तास. रेशीम ५० ते ६० ग्रॅम लागते. सगळे एकाच रंगाईतले एकदम घ्यावे, नंतर आणलेले जुळत नाही.

इथे मोठी चूक झाली ती अशी. नक्षी आधी कापडावर काढली होती. जमीन भरता भरता कापड आवळत गेले, आणि १३ सेंटीमीटरची रुंदी साडेबारावर आली. के-पीची जोडअक्षरे मध्यापासून सरकली. मग सगळी नक्षी पातळ कागदावर पुन्हा काढून, भरलेल्या जमिनीवर टाचून, टोचे मारून उतरवली. भरायचे क्षेत्र चारही बाजूंनी पाच मिलिमीटर मोठे धरले तर हे टळते.

गोफाची वेलबुट्टी जरदोजीत कलाबतू टाचतात तशी: जरीचा गोफ कापडावर मांडायचा आणि बारीक रेशमी दोऱ्याने वरून बांधत जायचे. गोफ कापडातून आरपार ओढला की जर सोलते. गुंतवळ खरी दिसण्यासाठी प्रत्येक छेदावर एकदा वरून, एकदा खालून हा नियम पाळावा लागतो. एका छेदाला चुकलो आणि पुढच्या अकरा छेदांचा क्रम उलटा झाला. फुलांच्या पाकळ्यांत जांभळे-पिवळे रेशीम आणि मधूनच सोन्याची बारीक तार, पाकळ्यांच्या मधून हिरवे पान. पॅन्झी हे नाव फ्रेंच ‘पांसे’वरून आले, म्हणजे विचार. फ्रेंचमधून अनुवाद करून दिलेल्या चिंतनाच्या वहीवर हे फूल आहे ते शोभेपुरते नाही, असे मानायला आम्हाला संकोच वाटत नाही.

भरतकाम झाल्यावर वेष्टन पुठ्ठ्यावर चढवताना खळ पातळ असेल तर ओल रेशमापर्यंत येते आणि डाग पडतो. शिवाय पाठ आणि पुठ्ठा जिथे सांधतात तिथे जाड टाके असतील तर वही उघडत नाही. तिथली जमीन एकपदरी ठेवली. इतके करूनही उघडझाप होते ती पाठीवरच, आणि मूळ वहीची पाठही फार झिजलेली आहे.

पुढच्या वर्षी, १५४५ च्या डिसेंबरात हर्टफर्डहून एलिझाबेथने हाच प्रकार दुप्पट केला. कॅथरीनने स्वतः रचलेल्या, त्याच वर्षी छापलेल्या प्रार्थना तिने लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा तिन्ही भाषांत नेल्या आणि ती वही वडिलांना दिली. वेष्टन लाल रेशमाचे. भेट राजाला, शब्द राणीचे, मेहनत मुलीची: एका वहीत दोघांचा मान राखला. हेन्रीला लिहिलेले तिचे आज उरलेले पत्र हे एवढेच. कॅथरीनला त्या वर्षी धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाचा इंग्रजी अनुवाद मिळाला.

दरबारी भेटींची व्यवस्था मोठी होती, आणि आपल्याकडच्या आहेराच्या यादीवरून ती चटकन समजते. एलिझाबेथ राणी झाल्यावरच्या नववर्षाच्या याद्या चर्मपत्राच्या लांब गुंडाळ्यांवर आहेत, वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. एका बाजूला कोणी काय दिले, मानाच्या क्रमाने. दुसऱ्या बाजूला राणीने परत काय दिले: मुलामा दिलेली चांदीची भांडी, औंसात तोललेली. सरदार बहुधा थैलीत सोन्याची नाणी देत, बायका भरतकामाचे कपडे, रुमाल, बाह्या. अशा यादीत पुस्तक आले तर आत काय आहे यापेक्षा वेष्टन कशाचे हे आधी कळते. तागडीला अनुवाद तोलता येत नाही, मखमल तोलता येते. वेष्टनावर इतके तास का घालायचे, याचे उत्तर यात आहे.

सगळ्याच अनुवादिका सुई घेऊन बसल्या असे नाही. मिल्ड्रेड कुकने थोर बेसिल या ख्रिस्ती संताचे प्रवचन ग्रीकमधून इंग्रजीत आणून सॉमरसेटच्या डचेसला हस्तलिखित दिले. तिची बहीण अ‍ॅन बेकनचा प्रकार आणखी गमतीचा. जॉन ज्यूएलने इंग्लंडच्या चर्चची बाजू मांडणारा लॅटिन ग्रंथ लिहिला होता. तिने त्याचा इंग्रजी अनुवाद तपासायला म्हणून ज्यूएलकडे आणि आर्चबिशप मॅथ्यू पार्करकडे पाठवला. दोघांना बदलण्यासारखे काही सापडले नाही. पार्करने तो १५६४ मध्ये तिला न विचारताच छापून घेतला आणि छापील पुस्तक तिलाच पाठवून दिले, वर लिहिले की विचारले असते तर तुमच्या विनयाने आडकाठी केली असती. ‘दुरुस्त करा’ या विनंतीचे असेही उत्तर मिळू शकते.

एलिझाबेथच्या वहीचेही तेच झाले. दुसऱ्या कोणी पाहू नये म्हणून दिलेला मजकूर १५४८ मध्ये जॉन बेल या प्रोटेस्टंट लेखकाने छापला. छपाई जर्मनीतल्या व्हेझेलची. छापताना वेष्टन गेले, अक्षर गेले, के-पी गेले. राहिला तो फक्त अनुवाद, आणि त्याला मथळाही वेगळा मिळाला.

नमुना प्रतीत आम्ही डावीकडे तीन सेंटीमीटरचा समास कोरा सोडला होता आणि ती फ्रेंच जाणणाऱ्या एका संपादिकेकडे पाठवली. परत आली तेव्हा समासात सतरा खुणा होत्या. नऊ शुद्धलेखनाच्या, पाच वाक्यरचनेच्या, दोन ठिकाणी ‘अखंड’ परत घाला असा आग्रह, आणि पहिल्या ओळीतल्या ‘कष्ट’पुढे प्रश्नचिन्ह काढून ‘क्लेश?’ असे लिहिलेले. सोळा मान्य केल्या.